भाचीशिवाय पहिली आखाजी आहे, झोका बांधावा का?

बोरीकाठचा_मामा

नमस्कार मंडळी. इथं आपल्या खान्देशातले बरेच जण आहेत म्हणून विचारतोय, घरात विचारून झालं आणि प्रत्येकजण वेगळं सांगतो. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठ दिवसांवर आली. माझी भाची, ताईची मोठी पोरगी, मागच्या भाद्रपदात गेली. सतरावं चालू होतं तिला. रक्ताचा कॅन्सर, चार वर्षं चालला.

ताईचं सासर अमळनेरात, आम्ही तालुक्यातल्याच खेड्यात. दरवर्षी आखाजीला ताई पोरांना घेऊन माहेरी येते आणि अंगणातल्या निंबाला झोका बांधायचं काम माझं. भाची पाच वर्षांची होती तेव्हापासून पहिला झोका तिचा, मग बाकीच्यांचा. यंदा माय म्हणते वर्ष झालं नाही, झोका नाही, गौराईची गाणी नाही, फक्त गेलेल्यांच्या नावानं पाण्याची घागर भरायची. आणि घागरीचंही भावकीतले दोन म्हातारे म्हणतात की कुवाऱ्या पोरीची घागर भरत नसतात, भरलीच तर बापाच्या घरी, मामाच्या घरी नाहीच नाही. इकडं माझ्या दोन पोरी, एक नऊ वर्षांची एक सहा, रोज विचारतात पप्पा दोर कधी काढणार.

खरं म्हणजे तिनेच सांगून ठेवलंय. श्रावणात शेवटची आली होती तेव्हा निंबाखाली खाट टाकून पडली होती, वर फांदीकडं बघत म्हणाली, "आखाजीले झोका बांधजो मामा." एवढंच. माय म्हणते पोरीच्या बोलण्याला रीत कळते का. मला मायशी भांडायचं नाही, तिचं पण काळीज फाटलंय.

तिच्याबद्दल थोडं सांगतो, लांबलं तर माफ करा, कुणाला सांगितलंच नाहीये.

आठवीत होती. ताप जाईना, पायावर निळे डाग, हिरड्यातून रक्त. गावच्या डॉक्टरांनी महिनाभर टायफॉईड म्हणून औषध दिलं. मग एकांनी साधी रक्ताची तपासणी केली आणि रिपोर्ट बघून म्हणाले आजच मुंबईला निघा. टाटाला गेलो. ए एल एल, म्हणजे लहान मुलांत जास्त दिसणारा प्रकार, डॉक्टर म्हणाले पोरं बरी होतात यातून पण ट्रीटमेंट अडीच वर्षं चालेल, मधे सोडायची नाही. सोडली नाही. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत महिनोन् महिने राहिलो, कधी ताई कधी जिजाजी कधी मी.

आमच्या घरात माळ आहे, वारकरी आम्ही. अमळनेरच्या सखाराम महाराजांची यात्रा म्हणजे आमच्याकडं दिवाळीपेक्षा मोठी, वैशाखात एकादशीला रथ आणि पौर्णिमेला पालखी, बोरीच्या वाळवंटात दुकानं लागतात ते सगळं तिने बापाच्या खांद्यावरून बघितलेलं. रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणायची, दवाखान्यात पण. आवाज न करता, शेजारच्या खाटेवरचं पोरगं झोपलेलं असायचं म्हणून. एका औषधानं तोंड आतून पूर्ण सोललं होतं, थुंकी गिळता येत नव्हती, तेव्हा बोटांवर मोजून मनात म्हणायची. केस गेले तेव्हा आरशात बघून म्हणाली आता बुक्का लावायला जागाच जागा झाली. ताई बाहेर जाऊन रडली.

तिथं फुलं न्यायची नाहीत, तुळस पण नाही, पांढऱ्या पेशी कमी असल्या की मातीतलं झाडातलं काही जवळ नको, इन्फेक्शन होतं. तर तिने काय केलं, शंभर पानी वही घेतली आणि रोज एक तुळशीचं पान काढायचं हिरव्या स्केचपेननं. पानाखाली तारीख. विठ्ठलाला रोजचं पान. कधी पान मोठं असतं, शिरा काढलेल्या, कधी नुसती बाहेरची रेघ, त्या दिवशी ताप असणार. ती वही भरली मग दुसरी, तिसरी अर्धी आहे. जिजाजी म्हणतात वह्या तापीत सोडू, घरात बघवत नाहीत. ताई उशाखाली घेऊन झोपते. हा दुसरा प्रश्न.

आणि एक गोष्ट सांगायला पाहिजे कारण लोक आता तिच्याबद्दल फार गोड गोड बोलतात. ट्रीटमेंट संपली, मेंटेनन्स म्हणजे शेवटच्या टप्प्यातली औषधं संपली, दहावी दिली, आणि सात महिन्यांनी आजार परत आला. बोनमॅरो बदलायचं म्हणाले, भावाचा जुळला नाही. सख्ख्या भावंडाचा जुळायची शक्यता चारात एक असते, आमचं नाही जुळलं. त्या रात्री तिने माळ काढून प्लास्टिकच्या पिशवीत टाकली आणि नऊ दिवस हरिपाठ नाही, पान नाही. वहीत त्या नऊ तारखाच नाहीत. दहाव्या दिवशी मी डबा घेऊन गेलो तर माळ गळ्यात. मी काही विचारलं नाही, तीच म्हणाली, "अबोला धरला होता मामा. मीच सोडला."

त्यानंतर अकरा महिने होती. कधी मला बरं कर म्हणून नवस बोलली नाही, मी बोललो, पुष्कळ बोललो, वणीच्या गडावर पायी जाऊन आलो. मी रडलो की म्हणायची कसाले रडस, देव शे ना. कशाला रडतोस, देव आहे ना.

ती गेल्यापासून मी देवळात गेलो नाही. ते असो. कुणाकडं अशी रीत आहे का, कुवाऱ्या पोरीची घागर, आणि पहिल्या वर्षी झोका? कळवा.

सातपुड्याची_लेक

दादा, वाचून अर्धा तास बसूनच राहिले. मी यावल तालुक्यातली, सासर रावेरकडं. घागरीचं मला माहिती आहे तेवढं सांगते. प्रत्येक गावाची नव्हे तर प्रत्येक कुळाची रीत वेगळी असते, एकच नियम आहे असं कुणी म्हणत असेल तर खरं नाही. माझ्या सासूबाईंचा एक मुलगा आठ वर्षांचा असताना विहिरीत पडून गेला, त्या मरेपर्यंत मोठ्या घागरीशेजारी एक लहान मडकं भरायच्या त्याच्या नावानं. वर आंबा आणि सांजोरी, मोठ्या घागरीवर खरबूज. भावकीतल्या कुणी विचारलं तर म्हणायच्या माझं लेकरू तहानलेलं राहील का. कुणाची हिंमत नाही झाली पुढं बोलायची. आता मी भरते, मी तर त्याला बघितलंही नाही.

वैशाखातल्या उन्हात पाण्याची घागर का भरतात, कारण गेलेल्याला पाणी मिळावं. चार वर्षं ज्या पोरीनं उकळलेलं पाणी मोजून प्यायलं तिला मामाच्या घरचं गार पाणी द्यायला कुवारी आणि लग्नाची हा भेद कशाला आणायचा. बापाच्या घरी मोठी भरू द्या, तुम्ही लहान भरा. दोन्ही होऊ शकतं.

झोक्याचं मात्र मायलाच विचारा, पण वेगळ्या शब्दात. आखाजी म्हणजे गौराई माहेरी येते, सासुरवाशिणी माहेरी येतात, तोच दिवस पितरांचा पण. आपल्याकडं सकाळी घागर आणि दुपारून झोका एकाच अंगणात असतात, आधीपासून आहेत. मायला म्हणा ताई येणार आहे, तिला रिकामा निंब बघायला लावायचा का. एखादी कुमारिका जेवू घाला, बांगड्या भरा. वह्या पाण्यात सोडू नका हो. हात जोडून सांगते.

धुळेकर_सिस्टर

मी धुळ्यात एका रक्तपेढीत काम करते, आधी वॉर्डला होते. दोन गोष्टी लिहायच्या आहेत.

पहिली, तुम्ही लिहिलंत की ट्रीटमेंट मधे सोडली नाही, त्याबद्दल तुमच्या घराला नमस्कार. मी असे आईबाप बघितलेत की केमोचे दोन डोस झाले, पोरगं जरा बरं दिसलं की घेऊन गेले कुठल्या तरी बुवाकडं, आणि सहा महिन्यांनी परत आले तेव्हा हातात काही राहिलं नव्हतं. तुमच्या भाचीची श्रद्धा औषधाच्या आड आली नाही, तुळस नको म्हटलं तर तिने कागदावर काढली, हे मी आमच्याकडं येणाऱ्या आयांना सांगणार आहे, नाव गाव न सांगता, चालेल ना? वाचणाऱ्यांसाठी म्हणून लिहिते, लांबलेला ताप, अंगावर निळे डाग, हिरड्यातून रक्त, हाडं दुखणं, फिकटपणा, यातलं एकत्र काही दिसलं तर सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, लगेच करा, स्वस्त तपासणी आहे, सगळीकडं होते. आणि पैशासाठी थांबू नका, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात, आधी त्याची चौकशी करा.

दुसरी गोष्ट. तिला किती प्लेटलेट लागल्या असतील तुम्हाला माहीतच आहे. प्लेटलेट पाच दिवसच टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत, म्हणजे या आठवड्यात कुणी दिल्या तरच या आठवड्यातल्या पोराला मिळणार. आणि एप्रिल मे मधे आमच्याकडं सगळ्यात जास्त टंचाई असते, कॉलेजं बंद, ऊन, लग्नसराई, शिबिरं होत नाहीत. बरोबर आखाजीच्या दिवसात. जमलं तर गावात रक्तदान ठेवा तिच्या नावानं. 18 ते 65 वय, वजन 45 किलोच्या वर, हिमोग्लोबिन साडेबारा, पुरुषांना तीन महिन्यांनी आणि बायकांना चार महिन्यांनी परत देता येतं. सकाळी आठला सुरू करून अकराच्या आत संपवा, ऊन चढायच्या आधी, आणि येणाऱ्याला नाश्ता करूनच यायला सांगा. उपाशीपोटी दिलं तर चक्कर येते आणि मग गाव म्हणतं बघा रक्त दिलं म्हणून पडला.

मी देवधर्मवाली नाही, खरं सांगते. पण ते नऊ दिवस वाचून मला रडू आलं.

तापीतीर

भाऊ, मी मुक्ताईनगरकडचा, वय 68, तीस वर्षं मुक्ताईच्या पालखीबरोबर पायी जातोय. कोथळीहून निघतो, महिनाभर चालतो तेव्हा पंढरपूर दिसतं. घागरीचं वरती सातपुड्याच्या ताईंनी सांगितलं ते बरोबर आहे, त्यात मी भर घालत नाही.

मला तुमच्या भाचीच्या अबोल्याबद्दल बोलायचंय. आमची मुक्ताई किती वर्षांची होती? जन्म 1279 सालचा धरतात आणि 1297 ला इथं मेहूणला तापीकाठी वीज कडाडली आणि ती गुप्त झाली अशी आमची श्रद्धा. म्हणजे अठरा. तुमच्या पोरीच्याच वयाची. सगळे तिला आदिशक्ती म्हणतात, बरोबर आहे, पण मी चालताना नेहमी विचार करतो की ती एक पोरगी होती, आईबाप लहानपणीच गेलेले, गावानं वाळीत टाकलेलं. आणि ज्ञानोबा रागावून ताटी, म्हणजे झोपडीचं दार, लावून आत बसले तेव्हा दाराशी बसून त्यांची समजूत घालणारी तीच. रुसलेल्याला बाहेर आणायचं काम त्या घरात सगळ्यात लहान पोरीनं केलं. तुमच्या भाचीनं स्वतःच ताटी लावली आणि स्वतःच उघडली. नऊ दिवस रुसली म्हणून तिची भक्ती कमी होत नाही, जिथं नातंच नाही तिथं कुणी रुसत नाही भाऊ. शेजाऱ्यावर कोण अबोला धरतं?

लोक गोड बोलतात म्हणालात. पुढं अजून बोलतील. फोटोला हार घालतील, कुणीतरी अंगारा पण मागेल, मी बघितलेलं आहे. ते होऊ देऊ नका. पोरगी होती, पोरगीच राहू द्या.

आणि तुम्ही देवळात जात नाही ते पण मी वाचलं. जायलाच पाहिजे असं मी म्हणणार नाही. कधी इकडं आलात तर चांगदेवला या, तापी आणि पूर्णेचा संगम आहे, काठावर जुनं दगडी देऊळ आहे. चौदाशे वर्षं जगलेला म्हणतात तो चांगदेव योगी आणि त्याने एवढ्याशा मुक्ताईला गुरू केलं. नुसतं पाण्याकडं बघत बसू. मी येईन सोबत.

पारोळ्याची_आई

दादा मी फार लिहिणारी नाही. माझा मुलगा याच आजारातून उठला, आता बारावीला आहे. त्यामुळं मला इथं लिहिताना अपराधी वाटतंय पण लिहिते.

आम्ही पण धर्मशाळेत होतो. तिथल्या बायका एकमेकींच्या पोरांची नावं नाही विचारायच्या आधी, काउंट विचारायच्या, रक्तातल्या पेशींचा आकडा. आज किती आला. मग हळूहळू नाव. माझा मुलगा बरा झाला तेव्हा गावातले म्हणाले तुझा देव पावला, तुझे उपास फळले. आणि आमच्या शेजारच्या खाटेवरची पोरगी गेली, तिची आई माझ्यापेक्षा जास्त उपास करायची. तेव्हापासून मला देव पावला हा शब्द ऐकवत नाही. तुमच्या ताईला पण कुणी ना कुणी म्हटलं असेल, एवढं करून काय मिळालं. मिळालं काय हे तिचं तिला माहीत, बाहेरच्यानं हिशोब करू नये.

तुमच्या भाचीनं मागितलंच नाही काही, ते मला समजायला चार वर्षं लागली असती. मी तर रोज मागत होते.

ताईला सांगा वही उशाखाली राहू दे. जिजाजींना बघवत नाही ते पण खरं असणार, माझे मिस्टर अजून त्या मजल्यावरच्या फिनेलचा वास आला की घराबाहेर जातात. तर वही ताईच्या पेटीत राहू दे, त्यांच्या डोळ्यासमोर नको. दोघांचं पण राहिलं पाहिजे. आणि झोका बांधा हो. पोरीनं सांगितलेलं आहे.

सातपुड्याची_लेक

पारोळ्याच्या ताई, अपराधी कशाला वाटून घेता. मुलाला आशीर्वाद सांगा.

बोरीकाठचा_मामा

सगळ्यांचे उत्तर वाचले, मायला पण वाचून दाखवले, तिला दिसत नाही नीट. तापीतीर काकांचं वाचताना तिने मधेच थांबवलं आणि परत वाचायला लावलं. सिस्टर, तुम्ही सांगा आयांना, चालेल. आज आखाजी होऊन तीन दिवस झाले, काय झालं ते सांगतो.

मायला मी त्या यावल रावेरच्या ताईंनी सांगितलं तसंच विचारलं, ताईला रिकामा निंब बघायला लावायचा का. ती काही बोलली नाही. रात्री उठून स्वतः माळ्यावर चढायला निघाली दोर काढायला, सत्तरीची बाई, मी पकडलं. दोराला उंदरांनी एका जागी कुरतडलं होतं, नवीन आणला अमळनेरहून.

सकाळी जिजाजींच्या घरी घागर भरली, मोठी. इथं मी लहान मडकं भरलं, भावकीतले ते दोघं म्हातारे आले होते, त्यातल्या एकानं काही न बोलता आंबा ठेवला वर. पुरण मायनं केलं, खापरावरची पोळी तिच्याइतकी कुणाला जमत नाही, पण या वर्षी दोन फाटल्या. रसाची वाटी आगारीजवळ, म्हणजे पितरांना नैवेद्य देतात त्या निखाऱ्यांजवळ, ठेवली तेव्हा ताई पहिल्यांदा मोठ्यानं रडली, भाद्रपदापासून अशी रडली नव्हती. कुणी गप्प केलं नाही तिला.

रक्तदान आखाजीच्या दिवशी जमलं नाही, सगळे सणात. एकादशीच्या आदल्या दिवशी शाळेच्या खोलीत ठेवलंय, सकाळी आठ ते अकरा, रक्तपेढीशी बोलणं झालं. गावातली पोरं तयार आहेत, बायका पण सात आठ जणी नावं देऊन गेल्या. फोटो हार काही नाही, फक्त फळ्यावर तिचं नाव लिहिणार.

दुपारी झोका बांधला. कुणी बसेना. पोरी पण उभ्या राहिल्या, त्यांना माहीत होतं पहिला कुणाचा असतो. मग ताई वही घेऊन आली, तिसरी, अर्धी राहिलेली. माझ्या मोठीच्या हातात स्केचपेन दिला आणि म्हणाली काढ. पोरीनं काढलं, पान कमी आणि आंब्यासारखं जास्त दिसत होतं, खाली तारीख टाकली. शेवटच्या तारखेपासून आठ महिन्यांची जागा सोडायची का असं तिने विचारलं. ताई म्हणाली नको, लगेच खालीच काढ. जिजाजी भिंतीला टेकून बघत होते, उठून गेले नाहीत.

ती वही झोक्याच्या पाटावर ठेवली आणि मी एक हलका झोका दिला. मग वही उचलली आणि धाकटी चढून बसली, बसल्या बसल्या ओरडायला लागली जोरात द्या जोरात द्या. शेजारच्या बायका आल्या, त्यांनी गाणी नाही म्हटली पण उभ्या राहिल्या संध्याकाळपर्यंत.

काका, मी देवळात अजून गेलो नाही. एकादशीला रथ निघेल तेव्हा ताईला घेऊन वाळवंटात जाणार आहे, तिला गर्दीत एकटीला सोडवत नाही. चांगदेवला पण येईन, पाऊस पडून गेल्यावर, पाणी असेल तेव्हा.

झोका एरवी मी दुसऱ्या दिवशी सोडतो. काल सोडायला गेलो तर माय म्हणाली राहू दे, पौर्णिमेची पालखी होईपर्यंत राहू दे.